बळी दिला, इंजिन ०.०० म्हणतंय, मग पुढे काय?

बुद्धिबळात मोहऱ्याचा बळी देऊन राजावर चाल केली, स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनने (डाव तपासणाऱ्या प्रोग्रॅमने) ०.००, म्हणजे बरोबरी, दाखवलं, की ‘बळी खोटा होता’ म्हणून विषय संपवला जातो. हे मला पटत नाही. समोरचा प्रत्येक चाल अचूक खेळेल असं धरून तो आकडा येतो. बचावाच्या पाच चाली चालतात की एकच, हे त्यात दिसत नाही.

नेदरलँड्समधली वाइक आन झे स्पर्धा, १९९९. कॅस्पारोव्हने तोपालोव्हविरुद्ध २४व्या चालीला हत्तीने डी४ वरचं प्यादं मारलं. तोपालोव्हने हत्ती खाल्ला आणि हरला. राजा बी६ वर नेला असता तर काळ्याचा डाव तरला असता. म्हणजे काटेकोर हिशेबाने बळी जिंकत नव्हता, पण बचावाची वाट फार अरुंद होती.

त्याच डावात २८वी चाल वजीर सी३. हत्ती आणि घोडा कमी असताना ना शह, ना मारामारी. फक्त वजीर बी३ वर मात करण्याची धमकी. अशा शांत चाली इंजिनच्या यादीत बहुधा खाली असतात आणि खालच्या चाली कमी खोलीवर, म्हणजे पुढच्या कमी चाली बघून, तपासल्या जातात. ही वेळ वाचवण्याची एक छाटणी. दुसरी छाटणी ‘नल मूव्ह’ची (रिकाम्या चालीची): बचाव करणाऱ्याला एक चाल सोडायला लावायची, तरी तो वरचढ राहिला तर ती फांदी तोडायची. इथली धमकी एका चालीत मात करण्याची, म्हणून लगेच पकडली जाते. खरी अडचण दोन शांत चाली लागणाऱ्या हल्ल्याची असते. एक हत्ती जास्त असलेला पक्ष कमी खोलीवर सुरक्षितच वाटतो.

जुन्या स्टॉकफिशमध्ये राजाभोवतीच्या धोक्याचे गुण जमवून त्यांचा वर्ग केला जाई, त्यामुळे चौथं मोहरं हल्ल्यात आलं की आकडा एकदम उसळायचा. सप्टेंबर २०२० च्या स्टॉकफिश १२ पासून एनएनयूई, म्हणजे पोझिशनची किंमत ठरवणारं न्यूरल नेटवर्क, आलं. त्याचं प्रत्येक इनपुट राजाचं घर आणि दुसरं एखादं मोहरं अशा जोडीचं असतं. मात मोजून सापडण्याआधीच हल्ल्याची किंमत कळू लागली, ती बरीचशी यामुळे.

तपासताना बळीची चाल पटावर खेळा आणि इंजिनला तिथे विचार करू द्या. मग एक चाल मागे या, हॅश (इंजिनने आधी तपासलेलं साठवणारी मेमरी) पुसू नका. सापडलेलं मागच्या पोझिशनलाही कळतं. बचाव करणाऱ्याच्या पाळीला मल्टीपीव्ही (इंजिनने एकाच वेळी किती सर्वोत्तम ओळी दाखवायच्या ती सेटिंग) ४ ठेवा. पहिली ओळ ०.०० आणि दुसरीच हल्लेखोराच्या बाजूने ३.०० असेल, तर माणसाविरुद्ध तो बळी जबरदस्त आहे. चारही ओळी शून्याजवळ असतील तर सोडून द्या. मल्टीपीव्ही वाढवला की खोली मंदावते, म्हणून शेवटचा निर्णय एका ओळीवरच घ्या. बळी नाकारण्याची चाल वेगळी तपासा; तोपालोव्हचा डाव तिथेच फिरला.

स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० म्हणजे स्वतःशीच खेळताना जिंकण्याची सुमारे ५० टक्के शक्यता. क्लबातल्या खेळाडूला ते प्रमाण लागू होत नाही.

लीला या न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या दुसऱ्या इंजिनची गोष्ट वेगळी. तिचं नेटवर्क आधीच प्रत्येक चालीला संभाव्यता देतं. बळीला फारच कमी मिळाली, तर त्या फांदीवर ती क्वचितच जाते आणि चाल यादीत तळाला राहते. तिथेही उपाय तोच: चाल स्वतः खेळून पुढची पोझिशन तिच्यासमोर ठेवा.