आईला बसने सोडलं

"बसने? एअरपोर्टला?" पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मावशीने हे अशा सुरात विचारलं, जणू मी आईला बैलगाडीत बसवून देणार होते. "अगं, दारात गाडी आहे ना तुमच्या?"

आहे. पण ऑक्सफर्डहून हीथ्रोला गाडी नेणं म्हणजे काय, ते मावशीला कसं सांगणार! टर्मिनलच्या दारात नुसतं माणूस उतरवायचेसुद्धा पैसे पडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये हे सुरू झालं तेव्हा ५ पौंड होते, आता त्याहून जास्त. तिथे ना फाटक, ना पावती फाडणारा. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत आपण आठवणीने ऑनलाइन भरायचे. आमच्या घरातली एक व्यक्ती (नाव घेत नाही, उखाण्यात घेते) हे एकदा विसरली आणि ८० पौंडांची नोटीस घरी आली. चौदा दिवसांत भरले तर निम्मे, म्हणून ४० वर भागलं. बरं, तिथे गाडी सोडून आत जाता येत नाही. म्हणजे सहा महिने राहून निघालेल्या आईला फुटपाथवरच टाटा करायचं. आत जायचं तर शॉर्ट स्टे पार्किंग, तिथे मीटर पळतोय, आणि आपलं अर्धं लक्ष घड्याळाकडे.

स्वतः प्रवासाला निघताना गाडी ठेवायची तर आणखी वेगळीच कथा. एकदा स्वस्तात मिळालं म्हणून एअरपोर्टबाहेरच्या एका पार्किंगवाल्याकडे किल्ली दिली. पंधरा दिवसांनी गाडी परत आली ती चिखलाने माखलेली, आणि सीट मागे सरकवलेली. कोण कुठे हिंडून आलं, देव जाणे.

तर आम्ही कोच धरला. ऑक्सफर्डच्या ग्लॉस्टर ग्रीन स्टँडवरून हीथ्रोला रात्रंदिवस कोच सुटतात. दीड तासाचा रस्ता. ड्रायव्हरने "कुठलं टर्मिनल?" विचारून आईच्या दोन्ही बॅगा स्वतः उचलून डिकीत ठेवल्या. त्या तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा आदल्या रात्री तीनदा उघडून, चॉकलेटं इकडून तिकडे करून, मी वजनकाट्यावर बसवल्या होत्या. ड्रायव्हर हसून काहीतरी म्हणाला. आई मराठीतच "थँक्यू हं" म्हणाली.

एक मात्र खरं, ट्रॅफिक कोचलाही चुकत नाही. लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग तुंबला की सगळे सारखेच. म्हणून आम्ही हवी होती त्याच्या आधीचीच बस घेतली होती.

शहर मागे पडलं, एम-४० लागला. थोड्या वेळाने डोंगर कापून काढलेल्या खिंडीत रस्ता शिरतो, दोन्ही बाजूंना पांढरट चुनखडी. तिथे आईने खिडकीला नाक लावलं. "अगं, घारी!" शेपटी दुभंगलेल्या, तांबूस. या घारी इंग्लंडातून माणसांनी पार संपवल्या होत्या. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून आणून इथे चिल्टर्नच्या टेकड्यांवर सोडल्या, आणि आता मान वर केली की दिसतात. मी गाडी चालवत असते तेव्हा मला त्या कधी नीट दिसलेल्या नाहीत. आई म्हणाली, "म्हणजे परदेशातून आणलेल्या. रुळल्या ना पण." मग घारीवरून तिला आणखी काहीतरी आठवलं असावं, पण ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. घार म्हटल्यावर मराठी आईला काय आठवतं, ते ठाऊक आहे.

मी पहिल्यांदा इकडे यायला निघाले तेव्हा पुण्याहून सहारला पोचवायला दोन गाड्या आणि नऊ माणसं आली होती. फूड मॉलवर वडे झाले, फोटो झाले. आई मागच्या सीटवर मांडीवर बॅग घेऊन बसली होती आणि मी दुसऱ्या गाडीत. रस्ताभर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

या वेळी दीड तास शेजारी बसलो होतो. लोणच्याच्या कैऱ्या कुठल्या घ्याव्यात, बाबांच्या गोळ्यांच्या वेळा, वरच्या मजल्यावरच्या काकूंचं भांडण, असलंच सगळं. मधेच तिने माझा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला. स्टिअरिंगवर असता तर घेता आला नसता.

सेंट्रल बस स्टेशनवर उतरलो. तिथून भुयारी वाटेने टर्मिनल २ चालत गाठता येतं. चेक-इन झाल्यावरही आमच्याकडे बराच वेळ होता, मीटर नव्हता. कॉफी प्यायलो. ती महाग आणि वाईट होती, हे आईने दोनदा सांगितलं.

सिक्युरिटीपाशी तिने मागे वळून विचारलं, "तुझी परतीची बस किती वाजता?"

"बऱ्याच आहेत गं. कुठलीही मिळेल."

"मग थांब जरा," ती म्हणाली, आणि रांगेतून परत बाहेर आली.