सरांचे कागद

सरांच्या आठवणी या अंकात पुष्कळ जण लिहितील. माझं काम अभिलेखागारातलं, तेव्हा त्यांचे कागद कसे जपायचे एवढ्यापुरतंच मी लिहिते.

सरांसारखे चित्रकार, शिक्षक आणि लेखक एकाच माणसात असले की त्याच्या मागे राहिलेल्या कागदांचे तीन ढीग करायचा मोह होतो: चित्रं इकडे, शाळेचं तिकडे, हस्तलिखितं वेगळी. नेमकं तेच करू नये. पाठाच्या टिपणामागे रेखाटन असतं, आलेल्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर लेखाचा खर्डा. बिनतारखेच्या कागदाचा काळ बहुधा त्याच्या शेजाऱ्यावरूनच ठरतो. म्हणून गठ्ठा सोडण्याआधी त्याचा फोटो काढा आणि पेन्सिलीने क्रमांक द्या. बॉलपेन टेबलावरसुद्धा नको. मोठं चित्र सपाट ठेवण्यासाठी बाहेर काढावंच लागलं, तर ते कुठे हलवलं याची चिठ्ठी मूळ जागी घाला. स्कॅन दोन्ही बाजूंचा करा.

गंजलेली टाचणी ओढली की कागद फाटतो. तिच्याखाली पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवून ती सावकाश सोडवावी. जुन्या चिकटपट्टीला मात्र हात लावू नका; तिच्याबरोबर अक्षरंही उठतात. वर्तमानपत्राच्या कात्रणातलं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी डाग पाडतं, त्यामुळे प्रत आम्लमुक्त कागदावर काढून मूळ कात्रण स्वतंत्र पाकिटात ठेवायचं. आणि लॅमिनेशन कधीही नाही! हौसेने केलेलं हे ‘जतन’ पुन्हा सोडवणं जवळपास अशक्य असतं.

कोळशाची आणि पेस्टलची चित्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. प्लास्टिकवरची स्थिरविद्युत रंगाची भुकटी ओढून घेते आणि चित्र पिशवीला चिकटतं. ती जाड माउंटच्या (पुठ्ठ्याच्या) चौकटीत ठेवावीत, म्हणजे पृष्ठभागाला काहीच टेकत नाही. जलरंगांचा शत्रू उजेड. प्रदर्शनात ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत, तेही थोडे महिने; एखाद्या महोत्सवाच्या दालनात मूळ चित्राऐवजी चांगली प्रत लावली तरी भागेल.

खोलीतल्या हवेची आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहावी. ६५च्या वर ती टिकली की बुरशीला निमंत्रण. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, खालचा कप्पा जमिनीपासून निदान १५ सेंटीमीटर वर असावा.

विद्यार्थ्यांचे गुण, घरच्या अडचणी, तक्रारी असलेले कागद ठरावीक काळ वाचकांसाठी बंद ठेवावे लागतात. दुसऱ्यांनी सरांना लिहिलेल्या पत्रांचा कागद संग्रहाचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. छापण्याआधी विचारावं लागतं.

अशा संग्रहात आलेली पत्रंच सापडतात. सरांनी लिहिलेली आहेत ती तुमच्या-आमच्या घरी. मूळ पत्र द्यायचं नसेल तर स्कॅन द्या, पण पाकिटासकट. सरांनी तारीख घातली नसेल, तर टपालाच्या शिक्क्यावर ती असते.