काकांचा स्पेक्ट्रम, उलटा अडाप्टर आणि २८१ चा घोळ

काका १९८३ ला इंग्लंडात नोकरीला होते, येताना झेडएक्स स्पेक्ट्रम घेऊन आले, म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर, रबरी बटणांचा, ४८के मेमरीवाला. मागच्या दिवाळीत काकूने माळा आवरायला काढला तेव्हा तो निघाला, सोबत तिथल्या यूजर ग्रुपच्या न्यूजलेटरचे अकरा अंक, स्टेपलच्या पिना गंजून पानांना चिकटलेल्या. काकू म्हणाली घेऊन जा बाबा, नाहीतर रद्दीत जाईल.

आता माझा गाढवपणा. घरात ९ व्होल्टचा अडाप्टर होता, पिन बसली म्हणून लावला. स्पेक्ट्रमला पिनच्या आतल्या बाजूला निगेटिव्ह लागतं, आपल्या बहुतेक अडाप्टरांच्या बरोब्बर उलटं. जळका वास आला आणि खेळ खल्लास. नंतर सरळ सप्लाय दिला तर स्क्रीनवर नुसते उभे पट्टे. खोलला (खोलताना कीबोर्डच्या मेम्ब्रेनची पट्टी पापडासारखी मोडली, ती मोडतेच, नवीन मिळतं) आणि मल्टीमीटर लावला. खालच्या १६के रॅमच्या आठ ४११६ चिप असतात, त्यांना +५, +१२ आणि -५ असे तीन व्होल्टेज लागतात. ५ येत होते, बाकी दोन्ही गायब. म्हणजे ते दोन बनवणाऱ्या भागातला टीआर४ ट्रान्झिस्टर उडाला. पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सवाली तपकीर गल्ली पालथी घातली, त्या जागी लागणारा झेडटीएक्स६५० कुणाकडे नाही, शेवटी ऑनलाइन मागवला. आधी व्होल्टेज बघा मगच चिपला हात लावा, कारण -५ नसेल तर नवी घातलेली ४११६ पण मरते. माझी एक मेलीच होती, ती सॉकेट लावून बदलली, आणि चालू झाल्यावर येणारी १९८२ ची सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ उमटली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

मग अंक स्कॅन करायला घेतले. पिना उपसायच्या नाहीत, मागून टोकं सरळ करून हळू काढायच्या, नाहीतर पान फाटतं. तिसऱ्या अंकात अडाप्टरबद्दल चौकट होती आणि शेजारी काकांच्या पेन्सिलीत, "आत उणे!! विसरू नये". आधी वाचलं असतं तर.

खरी कटकट लिस्टिंगची, म्हणजे अंकांत छापलेल्या प्रोग्रामांच्या ओळींची. झेडएक्स प्रिंटरच्या चंदेरी कागदावरून झेरॉक्स मारलेली, फिकट, आणि स्पेक्ट्रमच्या शून्याला तिरकी रेघ असते त्यामुळे ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) शून्याला आठ वाचतं. म्हणून मी ओसीआरचा मजकूर जसाच्या तसा काकांच्या मशीनवर टाईप करून बघतो. पहिल्याच प्रोग्रामला "इंटिजर आऊट ऑफ रेंज" आलं, डेटाच्या ओळीत २८१ होता आणि पोकला (मेमरीत आकडा टाकणारी कमांड) २५५ च्या वर चालत नाही. मूळ आकडा २०१, म्हणजे मशीन कोडमधली रिटर्नची (परत जा) सूचना. हे सापडतं तरी, पण १० चं १८ झालं तर मशीन गपचूप घेतं आणि रन केल्यावर सरळ रिसेट होतं, वर टेपवर सेव्ह केलं नसेल तर सगळं टाईपिंग पुन्हा. (एकदा झालं, शिव्या दिल्या.) त्यामुळे आता डेटाच्या ओळी भिंग घेऊन मूळ पानाशी ताडतो. चौथा अंक चालू आहे.