फ्लॅटमधल्या खताला वास येत नाही का?

आमच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण बाल्कनीतल्या दोन बादल्या बघून हेच विचारतो. परवा शेजारच्या काकूंनीही विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर खत करता, वास नाही का येत?" म्हणून नीटच सांगते.

येतो, पण कचऱ्याला हवा मिळाली नाही तरच. पाणी साचलं की हवेवर जगणारे जिवाणू मरतात, हवेविना जगणारे वाढतात, आणि तो सडका वास त्यांचा. घंटागाडीतून नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोत गेलेला ओला कचरा ढिगाखाली दाबला जातो तेव्हा हेच होतं, आतून मिथेन निघत राहतो.

माझा सगळा भरवसा वाळलेल्या पाल्यावर आहे. मार्चमधल्या पानगळीत सोसायटीत झाडलेला पाला मी मागून घेते आणि पायानं तुडवून पोत्यात भरते. कूलरच्या ताट्या बदलल्या की जुनं गवतही ठेवते, त्यानं बादलीत पोकळी राहते. बादल्या रंगाच्या, वीस लिटरच्या. तापवलेल्या खिळ्यानं बुडाला आणि बाजूंना भोकं पाडलीत, खाली परात. तळाला चार बोटं पाला, त्यावर मूठभर शेणखत. मग रोज सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची देठं, चहाचा धुतलेला चोथा, सालं, सगळं बारीक चिरून. जेवढा कचरा तेवढाच वरून पाला. तिसऱ्या दिवशी काडीनं खालीवर करायचं. उरलेली तर्री मात्र कधीच टाकू नका, तेलानं सगळं चिकटून बसतं.

पहिल्या जुलैत माझ्याकडे पाला संपला होता. झाकण उघडलं तर चपट्या, तपकिरी अळ्या वळवळत होत्या. बादली फेकायलाच निघाले होते. नंतर कळलं, त्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या, चावत नाहीत, उलट कचराच खातात. पाला वाढवला आणि त्या कमी झाल्या.

आता मी मूठ दाबून बघते. बोटांतून एखादाच थेंब आला तर ठीक. धार लागली तर पाला घालायचा. मे महिन्यात उलटं होतं. पारा पंचेचाळीसवर गेला की बादली कोरडी पडते, मुंग्या लागतात. तेव्हा ती सावलीत सरकवून पाण्याचा हबका मारते.

संत्र्याच्या सालींबद्दलही विचारता. अंबिया बहाराची संत्री आली की घरात सालींचा डोंगर होतो. सालीतल्या तेलामुळे ती सावकाश कुजते, म्हणून दोन दिवस उन्हात वाळवून, चुरून, एका वेळी मूठभरच घाला.

बादली भरली की दीड-दोन महिने झाकून ठेवते. उघडल्यावर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो, आणि मला तो फार आवडतो.

काकूंना म्हटलं, बादलीची घाई नको. काल खालून पाल्याचं एक पोतं तेवढं त्यांच्या दारात नेऊन ठेवलं.