हजेरीत एकोणीसच

"दादा, ह्ये कार्ड दावलं की म्हातारपणी पेन्शन सुरू हुती न्हवं?"

बेदाणा निवडत बसलेल्या मावशींनी बटव्यातून लॅमिनेशन केलेलं ई-श्रम कार्ड काढलं. कडांना बेदाण्याचा चिकटा. असंघटित कामगारांची, २०२१ साली सुरू झालेली सरकारी नोंदणी ती. बारा आकडी नंबर मिळतो, पण नुसत्या कार्डावर पेन्शन नाही. सांगताना जीभ अडखळली.

"पीएफ कापतात का?"

शेजारची हसली. "हजेरीत आमी एकोणीसच असतोय की!"

शेडमध्ये तीसेक तरी बायका होत्या. पीएफचा कायदा लागतो २० माणसांपासून. विसावं नाव लिहिताना पेनातली शाई संपत असावी.

आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हमालांच्या पाठीशी १९६९ चा माथाडी कायदा तरी आहे, लढून मिळवलेला. बेदाणा निवडणाऱ्या या बायकांसाठी कोण लढणार?