नागपूर, मे महिना आणि एक कूलर

नागपूरला मी गेले ते दोन कॅसेटींसाठी. बाकीचं नागपूर जाता-येता जेवढं दिसलं तेवढंच. मधे एक दिवस रामटेकला गेले, गड चढले, खिंडसी तलाव पाहिला आणि संध्याकाळी परत आले. झीरो माइलचा दगड रिक्षातून दिसला. संत्र्यांचा हंगाम नव्हता. या लेखात मला लिहायचंय ते महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका घराबद्दल आणि त्या घरात तीन मुलांनी केलेल्या संगीताबद्दल.

माझा मावसभाऊ, आमचा दादा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरला इंजिनिअरिंगला होता. तिथे त्याने दोन मित्रांबरोबर एक गट केला. त्यात गाणारा कुणी नव्हता आणि पेटी-तबलाही नव्हता. तेलाचे रिकामे डबे, सायकलच्या चाकाच्या आऱ्या, दोन स्टेशनांच्या मधे काटा अडकवून खरखरत ठेवलेला रेडिओ आणि हे सगळं टेप करायला एक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र, एवढीच सामग्री. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एकदा त्यांनी कार्यक्रम केला, तो मुलांनी हुर्यो करून बंद पाडला. त्यानंतर त्यांनी लोकांसमोर काही केलं नाही. सुट्टीत दुपारी घरात बसून टेप करत राहिले. टोकियोत मासामी अकिता नावाचा माणूस १९७९ पासून ‘मर्झबो’ या नावाने असाच गोंगाट करतोय आणि त्याच्या कॅसेटी पोस्टाने जगभर पाठवतोय, याचा या तिघांना पत्ताही नव्हता. त्यांना ते आपलं आपणच सुचलं होतं, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त अप्रूप आहे.

एखादं गाणं हरवलं तरी कुणाच्या तरी ओठांवर ते राहतं, वहीत शब्द सापडतात, चाल आठवणारं कुणी भेटतं. गोंगाटाच्या संगीताचं तसं नाही. त्याला नोटेशन नाही, ते कुणी गुणगुणत नाही. टेप गेली की सगळं गेलं. इटलीतल्या लुइजी रुसोलोने १९१३ साली गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला, त्यासाठी मोठे भोंगे लावलेली लाकडी पेट्यांची यंत्रं बनवली. ती मूळ यंत्रं आज कुठेच नाहीत. त्यांचा आवाज उरलाय तो १९२१ च्या एका रेकॉर्डवर, तोही त्याच्या भावाच्या रचनांमध्ये, ऑर्केस्ट्राच्या आडून. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, बसवून दिलं. गीता साराभाईंसारख्या लोकांनी त्यावर काम केलं आणि पुढे त्या टेप संस्थेतच पडून राहिल्या. पॉल परगास या ब्रिटिश संगीतकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या जगासमोर आल्या. अर्ध्या शतकानंतर! आणि त्या तर एका नावाजलेल्या संस्थेच्या संग्रहात होत्या. महालातल्या पेटीत ठेवलेल्या कॅसेटीची काय कथा?

कॅसेटी होत्या गटातल्याच एका मित्राच्या आईकडे. मित्र परदेशात असतो. काकू ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात आणि हॉटेलात उतरण्याचा विषय त्यांनी फोनवरच मोडीत काढला. “घर असून बाहेर काऊन थांबतेस?” मी गेले त्या दिवशी त्यांनी गोळाभात केला होता. त्यावर कढवलेलं तेल आणि वर चिंचेचं सार. दुपारी मी बाहेर पडायला निघाले की त्या माझ्या पर्समध्ये कांदा टाकायच्या, ऊन लागू नये म्हणून. पारा ४५ च्या वर होता. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर फक्त रसवंत्या आणि तोंडाला दुपट्टा बांधलेल्या मुली. पुण्यात आम्ही आदरातिथ्य या विषयावर पुष्कळ ऐकून घेतो, आणि महालात राहिल्यावर मला वाटतं की ते ऐकून घेणं योग्यच आहे.

कॅसेटी लोखंडी पेटीत शालूंच्या खाली होत्या, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने. दोन्ही नव्वद मिनिटांच्या. एकीवर बॉलपेनने लिहिलेलं, ‘घर, दुपार’. दुसरीवर ‘मारबत’.

पहिली कॅसेट मी शहरातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत दिली. आत एसी, भिंतींना स्पंज, मोठे स्पीकर. काम करणारा मुलगा नम्र होता. मी त्याला सांगितलं, वर कागदावर लिहूनही दिलं, की टेपवर जे आहे ते तसंच्या तसं कॉम्प्युटरवर घ्यायचं, काहीही साफ करायचं नाही. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह मिळाला आणि बिलात ‘नॉइज रिमूव्हल’चे वेगळे पैसे लावलेले. “मॅडम, खूपच खराब होती, सगळं क्लीन करून दिलं.”

मी तिथेच हेडफोन लावून ऐकलं. डब्यावरचे ठोके होते. आऱ्यांवर काहीतरी घासल्याचा आवाज होता. मधे मधे बुडबुड्यांसारखी विचित्र चिवचिव. आणि या सगळ्याच्या मागे काहीच नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. हे सॉफ्टवेअर कसं चालतं ते मला माहीत आहे. टेपवरचा एक शांत तुकडा निवडायचा, ‘हा नॉइज’ असं यंत्राला सांगायचं, मग यंत्र त्याच्याशी जुळणारं सगळं अख्ख्या रेकॉर्डिंगमधून वजा करतं. भाषणाला, किंवा आजोबांनी म्हटलेल्या रामरक्षेला हे ठीक आहे. पण ज्या संगीतात मागची घरघर हाच पाया आहे, तिथे पायाच वजा होतो. उरलेली चिवचिव ही त्या वजाबाकीची घाण. मी म्हटलं, मूळ फाइल द्या. ती ठेवलेलीच नव्हती.

घरी आल्यावर मी काकूंना ते ऐकवलं. त्यांनी थोडं ऐकलं आणि विचारलं, “कूलर कुठं गेला?”

मग त्यांनी जे सांगितलं ते दादाने मला कधीच सांगितलं नव्हतं. त्या मुलांचं मुख्य वाद्य होता घरातला पत्र्याचा कूलर. नागपूरकरांना कूलर समजावून सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते: खोलीभर वाऱ्याचा पंखा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि खाली पाण्याची टाकी. ताट्या कोरड्या असताना पंखा मोकळा, कर्कश घोंघावतो. त्या भिजल्या की वारा अडतो, आवाज जड होतो, खाली बसतो. या मुलांनी हे हेरलं होतं. पंप बंद ठेवायचा, ताट्या कडक वाळू द्यायच्या, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि दादाने हात वर केला की काकूंनी बाहेरच्या बाजूने बादलीभर पाणी ताट्यांवर ओतायचं. “मले वाटे, पोरं अभ्यास सोडून हे काय करून राहिले. पण बादली मीच ओतली. दर वेळेस.” मी त्यांना म्हटलं की काकू, मग तुम्ही त्या गटात होता. त्यांनी विषय बदलला, पण मला ते मनापासून म्हणायचं होतं आणि आजही म्हणते: गट तिघांचा नव्हता, चौघांचा होता.

काकूंनीच दुरुस्तीवाल्या काकाजींचा पत्ता दिला. महालातल्याच एका बोळात त्यांचं दुकान, म्हणजे दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा, वर फळीवर उघडे पडलेले रेडिओ. काकाजींनी कॅसेट हातात घेऊन उजेडात धरली. कोपऱ्यांतले आणि मधला असे पाचही स्क्रू काढले, वरचं झाकण अलगद उचललं. आत पितळी पट्टीवर फेल्टचा तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा असतो. तो टेपला मागून दाबून हेडला, म्हणजे डेकच्या टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटवून ठेवतो. उन्हाळ्यांनी त्याचा गोंद वितळून तो तुकडा केव्हाच सुटला होता आणि कवचात खाली पडलेला होता. “हा नसला तर टेप हेडले नीट लागतच नाही जी. स्टुडिओवाल्यानं पाहिलं नाही काय?” त्यांनी खणातल्या एका निकामी कॅसेटमधली पट्टी काढून यात बसवली. मग आपल्या जुन्या डेकचं हेड आणि रबरी रोलर स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. बोळा तपकिरी झाला.

टेप सुरू केली तेव्हा आवाज मळकट येत होता. काकाजींनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि हेडच्या बाजूचा स्क्रू केसभर फिरवला, डोळे मिटून. टेप भरताना त्या टू-इन-वनचं हेड जितकं तिरकं होतं, तितकंच तिरकं इथलं करायचं होतं. अजून केसभर. आणि एका जागी सगळं उघडलं. आऱ्यांची धार ऐकू आली, डब्याचा पत्रा ऐकू आला.

पण दुकानातही कूलर चालू होता. टेपवरची घरघर कोणती आणि दुकानातली कोणती, कळेना. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि कूलर बंद केला. मग वरचा पंखाही. दुपारचे तीन वाजले होते. मे महिन्यात, नागपुरात, त्या खोक्याएवढ्या दुकानात त्यांनी वारा बंद केला, आणि घरघर थांबली नाही. ती टेपमधून येत होती. ती काकूंच्या घरातली, तेव्हाची घरघर होती, कोरड्या ताट्यांची, कर्कश.

त्यात आणखी एक गोष्ट होती आणि तीही काकाजींनीच दाखवली. त्या काळच्या टू-इन-वनमध्ये आवाजाची पातळी यंत्र स्वतः ठरवायचं. “मोठा आवाज आला का मशीन कान बंद करते, मंग हळूहळू उघडते.” डब्यावर ठोका पडला की कूलर एकदम दूर जायचा आणि दोन-तीन सेकंदांत भरतीसारखा परत यायचा. पुन्हा ठोका, पुन्हा दूर. मुलांना हे लक्षात आलं असणारच, कारण पुढे पुढे ठोके नेमके कूलर पूर्ण भरून आल्यावरच पडतात. ते त्या यंत्राच्या श्वासावर वाजवत होते. मग एक मोठी विश्रांती, आणि पाण्याचा आवाज. बादली. घोंघावणं जड होत, उतरत गेलं. घामाने माझा कुडता पाठीला चिकटला होता आणि आम्ही दोघांनी ती बाजू पूर्ण ऐकली. काकाजींनी शेवटपर्यंत कूलर लावला नाही.

पैसे त्यांनी फक्त पट्टीचे घेतले.

‘मारबत’ची कॅसेट जास्त बिघडलेली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची, म्हणजे इडापिडेचं प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी देत अख्खी इतवारी रस्त्यावर येते आणि शेवटी पुतळे जाळतात. मुलांनी टू-इन-वन खांद्यावर घेऊन ती मिरवणूक टेप केली होती. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप पातळ असते, आणि उष्णतेत वर्षानुवर्षं गुंडाळून राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. त्यामुळे इथे प्रत्येक मोठ्या आरोळीच्या आधी तीच आरोळी अगदी बारीक, लांबून ऐकू येते. स्टुडिओवाल्याने हाही दोष मानून पुसला असता. मी तो ठेवलाय. नागपूरच्या उन्हाळ्यांनी केलेलं काम आहे ते, आणि या रेकॉर्डिंगवर त्यांचा हक्क आहे. कॅसेटचा मधला भाग मात्र चुरगळून गुंतलाय, तो काकाजींनी अजून सोडवलेला नाही. ती त्यांच्याकडेच ठेवून आले.

कुणाच्या घरी अशा कॅसेटी असतील तर सांगते: आधी फेल्ट तपासा, मागचे दोन प्लास्टिकचे दात मोडून टाका म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही, आणि पहिली नक्कल कशी घेतली जातेय ते समोर बसून पाहा. कागदावर लिहून देण्याचा काही उपयोग होत नाही. साफ करायचं की नाही हे नंतरही ठरवता येतं, पण मूळ फाइलच उरली नसेल तर ठरवायला काही शिल्लक राहत नाही.

पुण्यात दादाला पूर्ण बाजू ऐकवली. त्याने बादलीच्या जागी पुन्हा मागे जायला सांगितलं, आणि मग काकूंना फोन लावला. काकूंना पेनड्राइव्ह चालवता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी कॅसेटच भरून पाठवतेय. कोरी कॅसेट मिळवायला लोहगावपासून रविवार पेठेपर्यंत फिरावं लागलं. मारबतचा गुंता सुटला की काकाजी फोन करणार आहेत, आणि नाही सुटला तरी पोळ्याला मी नागपुरात असेन. काकूंनी आत्ताच सांगून ठेवलंय की उतरायचं घरीच.