शॉवरमागची भेग: पुट्टी रद्द, बोर्डच बदलला

शॉवरच्या भिंतीत नळापासून तिरकी वर गेलेली भेग अखेर खरवडायला घेतली. वरून केसभर दिसत होती, पण पटाशीचं टोक लावताच ड्रायवॉलचा (दोन कागदांमध्ये जिप्सम भरलेल्या भिंतीच्या बोर्डाचा) कागद पापुद्र्यांनी सुटला आणि आतलं जिप्सम ओल्या खडूसारखं बोटाला लागलं. इथे टेप आणि पुट्टीला अर्थ नाही. डब्यातली तयार पुट्टी नुसती वाळून घट्ट होते, पाणी लागलं की परत मऊ. शॉवरमध्ये तिचं कामच काय?

मग कापलं. ओल संपली तिथे थांबलो नाही. कोरडा, ठणठणीत बोर्ड लागल्यावरही पुढच्या स्टडच्या (भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबाच्या) मध्यापर्यंत गेलो, म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही बोर्डांच्या कडांना स्क्रू मारायला लाकूड मिळतं. भेगेचं मूळही आतच होतं: नळाचा पाइप कशालाच बांधलेला नव्हता! नळ फिरवला की पाइप हलणार आणि झटका बोर्डाला बसणार. दोन स्टडमध्ये आडवं लाकूड ठोकून पाइप क्लॅम्पने आवळला. फ्रेममधला ओलावा मीटरवर १५ टक्क्यांखाली येईपर्यंत सगळं उघडंच ठेवलं.

हिरव्या कागदाचा बोर्ड मुद्दाम टाळला. तो दमट हवा सोसतो, रोजचं पाणी नाही. सिमेंट बोर्ड घेतला. तो पाण्याने कुजत नाही, पण पाणी अडवतही नाही, हे बरेच जण विसरतात. ग्राइंडर न लावता रेघ ओढून मोडला. त्याच्या धुळीत सिलिका असते, मास्क हवाच. खाली शॉवरच्या ट्रेपासून ६ मिमी वर ठेवला, नाहीतर कड पाणी वर ओढत बसते. सांध्यात ३ मिमी फट, त्यात टाइल चिकटवायचं सिमेंट आणि वर सिमेंटमधली अल्कली सोसणारी जाळीची टेप.

म्हणूनच बोर्डावर पाणी अडवणारा वॉटरप्रूफिंगचा लेप: पहिला हात आडवा, दुसरा उभा दिलाय. वाळल्यावर टॉर्च भिंतीला लावून तिरका मारा, सुटलेली बारीक छिद्रं लगेच दिसतात. माझ्याकडे जाळीच्या कडेला सापडली, तेवढ्या पट्ट्यात तिसरा हात.

आता टाइल. कोपऱ्यांत मात्र ग्राउट (टाइलच्या फटींत भरायचा मसाला) नाही, सिलिकॉन. दोन भिंती वेगवेगळ्या हलतात आणि ग्राउट तिथे तडकतंच.